बाबांना टीपीसी स्कॉट्सडेलचा स्टेडियम कोर्स खेळवायचाय, कधी आणि कसं जावं?

नेपरव्हिलकर

नमस्कार मंडळी, इथे गोल्फ खेळणारे किती आहेत माहीत नाही पण ॲरिझोनात राहणारे बरेच आहेत म्हणून विचारतोय.

आई-बाबा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून येतायत, एप्रिलपर्यंत आहेत. बाबा ६९ वर्षांचे, सैन्यातून निवृत्त, गोल्फ सैन्यातच शिकले. राजस्थानात पोस्टिंगला होते तेव्हा तर ते अशा कोर्सवर खेळलेत जिथे ग्रीन (भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) नव्हतेच, तेल घालून दाबलेल्या वाळूचे ब्राउन असायचे आणि पट करायच्या, म्हणजे चेंडू हळूच भोकाकडे ढकलायच्या, आधी वाळू सारखी करून घ्यायची. आता येरवड्याला आठवड्यातून तीनदा खेळतात, हँडिकॅप १९, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागणारा खेळ. आणि गेली कितीतरी वर्षं फेब्रुवारीत ह्याच कोर्सवर होणारी फिनिक्स ओपन ही प्रो टूर्नामेंट लागली की रात्री दोन-तीनला उठून टीव्हीसमोर बसतात, आई ओरडते तरी. सोळावा होल त्यांना इतका पाठ आहे की कुठला बंकर (वाळूचा खड्डा) कुठे ते डोळे मिटून सांगतील. तो कोर्स पब्लिक आहे, पैसे भरून कोणीही खेळू शकतं, हे मी त्यांना गेल्या वर्षी सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसला नाही, म्हणाले मेंबरशिप लागत असणार, नीट चौकशी कर. तर ती चौकशी करतोय.

मी स्वतः शिकतोय, शंभर फटक्यांच्या आत क्वचित येतो. प्रश्न असे आहेत. सोळाव्याभोवतीच्या प्रेक्षकांच्या त्या स्टँडमध्ये उभं राहून खेळायचं असेल तर कधी जायचं, कारण मी असं ऐकलं की ते वर्षभर नसतात? फी ऐकून छाती दडपली, तेवढे द्यावेत का, की जवळपास दुसरं काही त्याच तोडीचं आहे? बाबांचा डावा गुडघा दुखतो. सापांचं खरंच काही असतं का? आणि आई खेळत नाही, ती सोबत आली तर तिने काय करायचं चार-साडेचार तास?

चांडलरवासी

अहो आणाच त्यांना. मी इथे १७ वर्षं आहे, स्टेडियम कोर्स सात-आठ वेळा खेळलोय, आणि माझे सासरे नाशिकहून आले होते तेव्हा त्यांनाही नेलं होतं, त्यामुळे तुमचा प्रश्न अगदी जवळचा वाटला.

आधी स्टँडबद्दल. बरोबर ऐकलंत, ते कायमचे नाहीत. सोळाव्याभोवतीचं ते तीन मजली प्रकरण, ज्यात वीस हजारांच्या आसपास माणसं बसतात, ते दर वर्षी पावसाळा संपला की, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या सुमारास, बांधायला घेतात आणि टूर्नामेंट झाली की हळूहळू उतरवतात. मे-जूनमध्ये आलात तर तिथे एक साधा, उघडा, जरासा बिचाराच दिसणारा पार थ्री (तीन फटक्यांत संपवायचा होल) असतो, मागे डोंगर, बाजूला मातीचे उतार. खूप लोक उन्हाळ्यात स्वस्त म्हणून येतात आणि सोळाव्यावर येऊन इकडे-तिकडे बघत राहतात की हाच का तो. टूर्नामेंट फेब्रुवारीच्या सुरुवातीला असते, सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, रविवारी संपते. त्या आठवड्यात आणि त्याआधी काही दिवस पब्लिकला बंद. म्हणजे तुमच्यासाठी दोनच खिडक्या आहेत, एक जानेवारीचा मध्य जेव्हा स्टँड जवळपास पूर्ण उभे असतात, आणि दुसरी टूर्नामेंटनंतरचे दोन-तीन आठवडे जेव्हा उतरवायचं काम चालू असतं. मी असतो तर जानेवारी. एकच अडचण, जानेवारीत सकाळी इथे दव गोठतं, गवतावर पांढरा थर असला की कोणालाच सोडत नाहीत, कारण गोठलेल्या गवतावर चाललं की पाती तुटतात आणि नंतर पावलांचे काळे ठसे उठतात. मग सगळे टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळा, तास-दीड तास पुढे सरकतात. म्हणून सकाळी सातचा घेऊ नका, दहा-साडेदहाचा घ्या, बाबांच्या गुडघ्यालाही थोडं ऊन मिळेल. पण अकराच्या पुढेही नको, सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो आणि शेवटचे चार होल, जे बघायला आलात तेच, अंधारात येतात.

फी हिवाळ्यात चारशे डॉलरच्या वरच धरून चाला, दिवसाप्रमाणे बदलते. जास्त आहे, नाही म्हणणार नाही. पण हा विचार करा की १९८७ पासून दर वर्षी जिथे प्रो लोक खेळतात तोच कोर्स, तेच ग्रीन, आणि तुमचे बाबा तिथे स्वतःच्या नावाने टी टाइम घेऊन जाणार. असं दुसऱ्या कुठल्या खेळात होतं सांगा, वानखेडेवर आपण पैसे भरून जाऊन बॅटिंग करू शकतो का?

आता खेळाबद्दल, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या टीवरून खेळा, टी म्हणजे होलची सुरुवातीची जागा, ती पुढे-मागे अशा अनेक असतात. प्रो लोकांचा कोर्स ७२६१ यार्ड आहे, पार ७१. येरवड्याला १९ हँडिकॅप असलेल्या माणसाने इथे सहा हजार यार्डांच्याही खालचा टी घ्यावा, आणि शंभरच्या आसपास खेळणाऱ्या मुलानेही तिथूनच. माझ्या सासऱ्यांचा मी मान ठेवायला म्हणून मागचा टी घेतला होता आणि त्यांचा पहिला नऊ होलचा आनंद मी स्वतः घालवला, दर पार फोरला दुसरा शॉटही ग्रीनपर्यंत पोचेना, ते गप्प होत गेले. दहाव्याला पुढे सरकलो तेव्हा कुठे ते बोलायला लागले. ते अजून मला खातं.

आणि सोळाव्याच्या एकट्याच्या मागे लागू नका, खरी मजा पंधरा ते अठरा अशी सलग आहे. पंधरावा पार फाइव्ह, ग्रीन चारी बाजूंनी पाण्यात. सतरावा मागून फक्त ३३२ यार्डचा पार फोर, म्हणजे प्रो लोक एका फटक्यात ग्रीनवर टाकायला जातात, पण डावीकडे आणि मागे पाणी. २०२२ ला साहित थीगला शेवटच्या दिवशी तिथे आघाडीच्या बरोबरीत होता, त्याचा ड्राइव्ह उत्तम होता हो, पण टप्पा डावीकडे पडला आणि चेंडू पाण्यात, प्लेऑफ एका शॉटने हुकला. आमच्या घरी सगळे उभे राहून बघत होतो, आणि नंतर कोणी जेवलं नाही नीट. त्याच होलवर २००१ ला अँड्र्यू मॅगीने पार फोरला होल-इन-वन केला, म्हणजे पहिल्याच फटक्यात चेंडू भोकात, पीजीए टूरच्या (प्रो लोकांच्या मुख्य स्पर्धामालिकेच्या) इतिहासात पार फोरवर झालेला तो एकच, पुढचा ग्रुप अजून ग्रीनवर पटिंग करत होता आणि चेंडू टॉम बायरमच्या पटरला लागून आत गेला. तिथे उभे राहिलात की बाबांना विचारा हे आठवतंय का, माझी खात्री आहे आठवत असेल.

कृष्णाकाठ_ते_गिल्बर्ट

चांडलरवासींनी छान सांगितलंय, मी फक्त काटे आणि साप हा विभाग घेते कारण त्याचा अनुभव माझ्या वाट्याला आलाय.

साप आहेत, रॅटलस्नेक, पण जानेवारीत थंडीमुळे ते बिळात असतात, मार्च-एप्रिलपासून बाहेर पडायला लागतात. तरीही चेंडू झुडपात गेला तर हात घालायचा नाही, हे वर्षभर पाळायचं. कोयोटे दिसेल, ससे दिसतील, डोक्यावर तुरा असलेल्या लाव्यासारख्या पक्ष्यांची आख्खी रांग फेअरवे (होलमधली कापलेल्या गवताची पट्टी) ओलांडून जाईल, आईंना ते नक्की आवडेल.

खरा त्रास चोयाचा. इथे त्याला जंपिंग चोया म्हणतात, लांबून मऊ, लोकरीच्या गुंड्यासारखा दिसतो आणि नुसता घासून गेलात तरी त्याचा तुकडा तुटून अंगाला चिकटतो. उडी वगैरे मारत नाही पण वाटतं तसं. माझ्या पोटरीला एकदा चिकटला, मी घाबरून हाताने ओढला, मग तो हाताला चिकटला. त्या काट्यांना बारीक उलटे आकडे असतात त्यामुळे ओढताना जास्त दुखतं. तेव्हापासून बॅगेत जाड दातांची मोठी फणी असते, फणी खाली घालायची आणि झटक्यात उडवायचं. एक चिमटाही ठेवा. दहा डॉलरचा चेंडू नाही, चार डॉलरचा आहे, वाळवंटात गेला की सोडून द्यावा हे मी फार उशिरा शिकले.

नियमाचं एक बाबांना आवडेल असं. कॅक्टसला फुकट ड्रॉप नाही, म्हणजे दंड न घेता चेंडू बाजूला टाकून खेळता येत नाही, तो जिवंत झाड आहे. काटे टोचू नयेत म्हणून टॉवेल कॅक्टसवर टाकून उभं राहता येत नाही, पण तोच टॉवेल स्वतःच्या अंगाला गुंडाळला तर चालतो. सुटे दगड मात्र बाजूला करू शकता. ह्याच कोर्सवर तेराव्या होलला १९९९ मध्ये टायगर वूड्सचा चेंडू एका प्रचंड दगडामागे थांबला होता, अधिकाऱ्याने सांगितलं की जमिनीत रुतलेला नाही म्हणजे सुटाच, मग प्रेक्षकांतल्या दहा-बारा लोकांनी तो ढकलून बाजूला केला आणि त्याने शॉट मारला. मी तेव्हा सांगलीत शाळेत होते, गोल्फ म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, आता तिथून जाताना दर वेळी थांबते. आणि सुरुवातीला स्टार्टरला (पहिल्या टीवर ग्रुप सोडणाऱ्याला) विचारून घ्या की वाळवंटात गेलेल्या चेंडूला आज काय नियम लावायचा, इथल्या बऱ्याच कोर्सवर पाण्यासारखंच धरून एक दंड घेऊन बाहेर ड्रॉप करू देतात, त्याने वेळ वाचतो आणि माणसं झुडपात शिरत नाहीत.

आईंसाठी, बसून राहण्यापेक्षा सोबत कार्टमधून येऊ देतात का हे बुकिंग करतानाच फोन करून विचारा. माझ्या आईला मी असंच नेलं होतं, वेगळ्या कोर्सवर, तिने चार तास सवारो बघितले. सवारो म्हणजे तो उभा, हात वर केलेला कॅक्टस. त्याला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, हे ऐकल्यावर ती प्रत्येकाचे हात मोजत बसली आणि म्हणाली हा माझ्या आजीच्या वेळचा, हा पणजीच्या.

ट्वायलाइट_टी

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मी टेंपीला असतो आणि हिवाळ्यात तेवढे पैसे एका राउंडला देणं मला पटत नाही, दोघांचे मिळून हजाराच्या घरात जातील, वर भाड्याच्या स्टिक्स (गोल्फच्या काठ्या), जेवण, टिप. स्टेडियम कोर्स चांगला आहे पण वाळवंटात खेळल्यासारखा वाटत नाही मला, रुंद आहे, टेकाडं सगळी माणसांनी माती टाकून केलेली, प्रेक्षकांना उभं राहता यावं म्हणून. टीव्हीवर गर्दी असते तेव्हा ती टेकाडं शोभतात, एरवी नुसती गवताची ढेकळं.

वाळवंट बघायचंच असेल तर वी-को-पा ला न्या. फोर्ट मॅकडॉवेल यावापाई ह्या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, दोन कोर्स, त्यातला सवारो हा कूर आणि क्रेनशॉ ह्या कोर्स आखणाऱ्या जोडीचा, २००६ चा. एकाही होलवर घर नाही, रस्ता नाही, नुसते डोंगर आणि कॅक्टस. किंवा पैशाचा विचार असेल तर पापागो, फिनिक्स शहराचा म्युनिसिपल कोर्स, १९६३ पासून आहे, लाल खडकांच्या मधोमध, विमानतळापासून दहा मिनिटं. तिथे सकाळी सात वाजता जे लोक असतात ना, निवृत्त पोस्टमन, कॉलेजची मुलं, प्लंबर, ते बघून मला पब्लिक गोल्फ म्हणजे काय ते कळलं. तुमचे बाबा सैन्यातले, त्यांना तिथे गप्पा मारायला माणसं मिळतील. स्टेडियम कोर्सवर सगळे तुमच्यासारखेच बाहेरून आलेले, मोबाइल काढून फोटो काढणारे.

पाणीवाला

मी जलसंपदा खात्यातून निवृत्त झालो, मुलीकडे स्कॉट्सडेलला येऊन-जाऊन असतो. गोल्फ खेळत नाही, पण ह्या कोर्सभोवती रोज संध्याकाळी फिरतो आणि मला तो वेगळ्याच कारणासाठी आवडतो, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा आलो तेव्हा वाळवंटात एवढं हिरवं गवत बघून चीड आली होती, आमच्याकडे मराठवाड्यात टँकरमागे धावणारी माणसं आठवली. मग जरा माहिती काढली. कोर्सजवळून जो कालवा जातो तो सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टचा, कोलोरॅडो नदीचं पाणी लेक हवासूपासून उचलून ३३६ मैल वाहून आणलंय, वाटेत पंपांनी वर चढवत. त्या कालव्याला उत्तरेच्या डोंगरांतून येणाऱ्या पुराचा धोका, म्हणून त्याच्या वरच्या अंगाला मातीचा लांबच लांब बांध घातला, आणि बांधामागे पुराचं पाणी तात्पुरतं थांबायला मोकळी जागा ठेवली. हा गोल्फ कोर्स त्याच मोकळ्या जागेत आहे. जमीन केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनची, शहराने भाडेपट्ट्याने घेतलेली. म्हणजे जिथे घरं बांधता येणार नाहीत अशा पूररेषेतल्या जमिनीवर मैदान केलं. आपल्याकडे पूररेषेत काय उभं राहतं ते तुम्ही जाणता, त्यामुळे मला तिथे फिरताना खरंच बरं वाटतं.

१९८० साली ह्या राज्याने भूजलाचा कायदा केला आणि त्यातून पुढच्या नव्या गोल्फ कोर्सना गवत किती एकर लावायचं ह्याला बंधन आलं, १८ होलला साधारण ९० एकर. वाळवंटातल्या कोर्सचं ते जे प्रसिद्ध रूप आहे, हिरव्या बेटावरून पुढच्या हिरव्या बेटावर चेंडू टाकायचा आणि मधे दगड-काटे, त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच हा हिशेब आहे. उत्तर स्कॉट्सडेलमधले बरेच कोर्स प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर चालतात. प्रश्न संपला असं अजिबात नाही, कोलोरॅडो आटतेय आणि भांडणं चालू आहेत. पण वडिलांना घेऊन जाल तेव्हा तो बांध दाखवा, सैन्यातला माणूस आहे, जमीन वाचायची सवय असेल.

आणखी एक, गवताचं. उन्हाळ्यातलं बर्म्युडा गवत थंडीत पिवळं पडतं, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते खरवडून त्यात राय गवताचं बी पेरतात, त्यासाठी कोर्स काही आठवडे बंद ठेवतात. जानेवारीत जे हिरवंगार दिसतं ते हे रब्बीचं पीक समजा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नव्या गवतावर कार्ट फक्त रस्त्यावरच ठेवायला लावतात आणि चालणं फार पडतं, गुडघेदुखी असलेल्यांनी तेव्हा येऊ नये असं माझे जावई म्हणतात.

चांडलरवासी

@पाणीवाला, काका, सतरा वर्षं इथे राहून मला हे बांधाचं माहीत नव्हतं. पुढच्या वेळी बघतो.

@ट्वायलाइट_टी, वी-को-पा बद्दल शंभर टक्के सहमत, मलाही खेळायला तोच जास्त आवडतो. पण त्यांचे बाबा रात्री तीनला उठून वी-को-पा नाही ना बघत. ज्या माणसाने एक होल पंधरा-वीस वर्षं टीव्हीवर बघितलाय त्याला त्या होलच्या शेजारचा चांगला कोर्स दाखवून काय उपयोग? दोन्ही जमलं तर आदल्या दिवशी पापागो ठेवा, इथल्या उन्हाची, कोरड्या हवेची सवय होईल, आणि दुसऱ्या दिवशी स्टेडियम.

एक राहिलं. पुण्यात बाबांना कॅडीची सवय असणार. इथे सहसा कॅडी नसतो, कार्ट असते आणि त्यावर जीपीएसचा पडदा. चेंडू कुठे पडला ते बघायचं, अंतर सांगायचं, पटची लाइन सुचवायची, बंकर सारखा करायचा, हे सगळं तुम्हाला करायचंय. माझे सासरे चेंडू मारून झाल्यावर सवयीने मागे वळून बघायचे, तिथे कोणी नसायचं. म्हणून तुमचा स्वतःचा खेळ त्या दिवशी बाजूला ठेवा.

नेपरव्हिलकर

सगळ्यांचे मनापासून आभार. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार, सकाळी १०:२० चा टी टाइम घेतला. आदल्या दिवशी पापागो. स्टिक्स बाबा पुण्याहून घेऊन येतायत, भाड्याच्या नको म्हणाले, त्यांचा पटर वीस वर्षांपूर्वीचा आहे. आईसाठी फोन केला, कार्टमध्ये बसायला हरकत नाही म्हणाले. फणी घेतली. येऊन लिहितो.

नेपरव्हिलकर

झालं एकदाचं, कालच परत आलो, लिहायचं कबूल केलं होतं म्हणून सविस्तर लिहितो.

पापागो आधी ठेवायचा सल्ला फार मोलाचा ठरला. तिथे आम्हाला दोन स्थानिक म्हातारे जोडीला दिले, त्यातले एक व्हिएतनाममध्ये होते, तिसऱ्या होलपर्यंत बाबा आणि ते एका कार्टमध्ये आणि मी दुसऱ्या म्हाताऱ्यांबरोबर. इंग्रजी दोघांचंही एकमेकांना अर्धंच कळत होतं पण खांद्याला हात लावून बोलत होते. शेवटी त्यांनी बाबांना स्वतःचा बॉलमार्कर दिला, तो घेऊनच बाबा दुसऱ्या दिवशी स्टेडियमवर खेळले.

गुरुवारी दव होतंच, टी टाइम पन्नास मिनिटं पुढे गेला. बाबा पटिंग ग्रीनवर रमले, मी मात्र घड्याळ बघत होतो. टी सहा हजारांच्या खालचा घेतला, स्टार्टरने विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, त्यामुळे मानापमानाचा प्रश्नच आला नाही. बाबांनी पहिले नऊ ४७ मध्ये काढले, तिथल्या बंकरांमध्ये ते तीनदा गेले आणि तिन्ही वेळा एका फटक्यात बाहेर आले, ब्राउनवर आयुष्य घालवलेल्या माणसाला वाळूची भीती नसते. माझं विचारू नका, मी सातव्यानंतर स्कोअर लिहिणं बंद केलं आणि त्यांचा कॅडी झालो, आणि खरं सांगतो, तेव्हापासून मला तो कोर्स दिसायला लागला. तेराव्याला दगडांपाशी थांबलो, बाबांनी स्वतःहून टायगरचा किस्सा सांगितला, वर्षासकट. अकराव्याच्या पाण्यात बगळे होते, आईने त्यांचे फोटो काढले, सोळाव्याचा तिने एकही काढला नाही.

पंधराव्याला बाबांनी तिसरा शॉट पाण्याच्या अलीकडे ठेवला, चौथा बेटावर, दोन पट, बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त. मग सोळावा.

आपण बोगद्यासारख्या वाटेने आत जातो आणि एकदम ते सगळं अंगावर येतं. रिकामं. वीस हजार खुर्च्या आणि माणूस एक नाही, म्हणजे वरच्या मजल्यावर काम करणारे सात-आठ जण होते, कुठेतरी ड्रिलचा आवाज येत होता. टीव्हीवर जो आवाज असतो तो नसला की जागा केवढी मोठी वाटते. बाबा टीवर गेले नाहीत लगेच. कार्टजवळ उभे राहिले आणि एकेक बंकर बोटाने दाखवत मला सांगत राहिले की ह्याच्यातून कोण निघालं, त्याच्यात कोण अडकलं, टायगरचा १९९७ चा कुठे टप्पा पडून आत गेला, सॅम रायडरचा २०२२ चा कसा गेला आणि वरून बियरचे ग्लास कसे पावसासारखे पडले. मागे ग्रुप नव्हता म्हणून बरं.

आधी मी मारला. डावीकडच्या उतारावर. आणि वरून त्या कामगारांतल्या दोघांनी तोंडाला हात लावून लांब सुरात "बूऽऽऽ" केलं! सोळाव्याची रीतच ती आहे, ग्रीन चुकलं की प्रेक्षक हुर्यो करतात. बाबा इतके हसले की त्यांना टी जमिनीत खुपसता येईना. मी त्यांना असं हसताना शेवटचं कधी बघितलं आठवत नाही.

मग ते आले. आमच्या टीवरून एकशेतीसच्या आसपास होतं. ड्रिल थांबलं, म्हणजे त्यांनी मुद्दाम थांबवलं. सात नंबरची स्टिक (नंबर जितका कमी तितका चेंडू लांब). चेंडू उंच गेला, ग्रीनच्या पुढच्या काठावर पडला आणि तिथेच राहिला, झेंडा बराच मागे. वरून टाळ्या, शिट्ट्या. बाबांनी टोपी काढून हात वर केला, अगदी टीव्हीवर करतात तसा, आणि मग तीन पट केले, बोगी, पण त्याचं काहीच नाही वाटलं कोणाला.

सतराव्याला पाण्यात गेले, अठराव्याला पाणी वाचवलं. एकूण ९६.

@पाणीवाला काका, बांध दाखवला. बाबा त्यावर पंधरा मिनिटं उभे होते, मग म्हणाले पूर ह्या अंगाने येत असणार, आणि हाताने डोंगराकडची दिशा दाखवली.

संध्याकाळी सातला हॉटेलवर आलो, पुण्यात तेव्हा सकाळचे साडेसात. बाबांनी फोन लावला, मला वाटलं काकाला लावतायत. तर येरवड्याच्या त्यांच्या कॅडीला, जो गेली अकरा वर्षं त्यांची बॅग उचलतो आणि त्या वेळी क्लबच्या गेटवर उभा असतो. स्पीकरवर टाकून सोळावा होल पहिल्यापासून सांगितला, वारा, अंतर, झेंडा कुठे होता, सगळं. पलीकडून तो शांतपणे ऐकत होता, मग म्हणाला, "साहेब, सात का घेतला, सहा घ्यायचा ना, झेंडा मागं होता तर."

बाबा म्हणाले, "अरे, तू नव्हतास ना."